आधी कोणता कागद? नाव आणि लिंगनोंद बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

केदार (नाव बदललं आहे) आमच्याकडे आला तेव्हा २०२२ ची दिवाळी नुकतीच सरली होती. वय २९, अभियांत्रिकीची पदवी, मोठ्या शहरात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मूळ गाव पश्चिम महाराष्ट्रातलं. जन्माच्या वेळी नोंद मुलगी म्हणून झालेली. स्वतःला तो कॉलेजात असल्यापासून पुरुष म्हणूनच ओळखत होता आणि दोन वर्षांपासून हार्मोन्सचे उपचार घेत होता. दाढी आली होती, आवाज फुटला होता. आधार कार्डावर मात्र दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. बँक, विमानतळ, घराचा भाडेकरार, सगळीकडे कार्ड आणि चेहरा यांचा मेळ घालून दाखवता दाखवता तो थकला होता. "कुरिअरवाला म्हणतो, ताईंनाच पाठवा, भावाला पार्सल देता येत नाही," तो हसत सांगायचा. विमानतळावरच्या प्रसंगांबद्दल बोलताना मात्र हसायचा नाही.

वडील २०२१ मध्ये कोविडनं गेले. घरी आई आणि थोरला भाऊ. दोघांनाही सगळं माहीत होतं, गावाला मात्र नव्हतं.

आम्ही काही वकील आणि कार्यकर्ते मिळून अशा कागदपत्रांचं काम पाहतो. ही हकिकत २०२२ ते २०२४ मधली आहे, आणि खाली येणारे नियम त्या वेळी लागू असलेले आहेत. आज अर्ज करणाऱ्यानं कायद्याचा आणि नियमांचा आजचा मजकूर पाहूनच पाऊल टाकावं.

कायदा काय म्हणत होता

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरात निघाले. त्यात दोन पायऱ्या होत्या. पहिली, कलम ६ चं ओळख प्रमाणपत्र: अर्ज आणि शपथपत्र राष्ट्रीय पोर्टलवर टाकायचं, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी न मागता ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं, आणि त्यावर नोंद 'ट्रान्सजेंडर' अशी. दुसरी, कलम ७: शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडून 'पुरुष' किंवा 'स्त्री' असं सुधारित प्रमाणपत्र मागायचं. पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर जाता येत नव्हतं.

नियमांमध्ये एक फारच उपयोगाचं कलम होतं, आणि ते वाचलेला माणूस आम्हाला कोणत्याही खिडकीवर क्वचितच भेटला. प्रमाणपत्र दाखवल्यावर इतर कार्यालयांनी नाव, लिंग आणि फोटो १५ दिवसांत बदलून द्यावा, आणि मूळ कागदाचा क्रमांक तोच ठेवावा, असं त्यात होतं. सोबतच्या यादीत जन्मदाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, पॅन, आधार, बँक पासबुक असं बरंच काही होतं.

नेमकी अडचण

हक्क कागदावर स्पष्ट होता. अडचण क्रमाची होती. आधारवाले राजपत्र (नावबदलाची सरकारी जाहिरात) मागतात, बँक आधार मागते, विद्यापीठ दहावीचं प्रमाणपत्र मागतं, बोर्ड शाळेकडे बोट दाखवतं. एक कागद चुकीच्या वेळी बदलला की मागचे सगळे जुळेनासे होतात.

केदारच्या बाबतीत तीन गोष्टी आणखी अवघड होत्या. आधारमध्ये लिंगाची नोंद एकदाच बदलता येते (नाव दोनदा), त्यामुळे ती संधी कशावर खर्च करायची हे आधी ठरवणं भाग होतं. पॅन आणि आधार जोडण्याची तेव्हाची मुदत ३१ मार्च २०२३ होती, आणि नाव, जन्मतारीख, लिंग यांत फरक असला तर ती जोडणी फसते. तिसरी गोष्ट शेताची. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, भाऊ आणि केदार अशी नावं लागली होती, त्यात केदारचं जुनं नाव. दादाला हक्कसोडपत्र करून हवं होतं. फोनवर तो म्हणाला, "आधी सही कर, मग काय नाव लावायचं ते लाव."

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय केदारचाच होता: प्रमाणपत्र हातात आलं की सगळीकडे 'ट्रान्सजेंडर' नोंद करून टाकायची. फायदा असा की चेहरा आणि कागद यांतली विसंगती लवकर संपली असती. पण त्याची छातीची शस्त्रक्रिया येत्या उन्हाळ्यात ठरलेली होती आणि शेवटी त्याला 'पुरुष' अशीच नोंद हवी होती. आधारमधली एकमेव संधी मधल्या टप्प्यावर घालवली तर पुढे आधारच्या प्रादेशिक कार्यालयात अपवाद मागत बसावं लागलं असतं. म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं, पण आधारला हात लावायचा नाही, असं ठरलं. हा निर्णय त्याला जड गेला. आणखी काही महिने तेच वेण्यांचं कार्ड खिशात ठेवायचं होतं.

दुसरा प्रश्न: शस्त्रक्रियेची वाट न पाहता हार्मोन्सच्या आधारे सुधारित प्रमाणपत्र मागावं का? नियमांत 'वैद्यकीय हस्तक्षेप' या शब्दांच्या व्याख्येत समुपदेशन आणि हार्मोन उपचारही होते. मूळ कायद्यात मात्र 'शस्त्रक्रिया' असा शब्द होता, आणि दाखला द्यायचा तो संस्थेच्या वैद्यकीय अधीक्षकांनी. केदारचे उपचार एका डॉक्टरांच्या खाजगी क्लिनिकमध्ये चालू होते, तिथे अधीक्षक कुठून आणायचा? न्यायालयात भांडायला मुद्दा चांगला होता. पण ज्याला सहा महिन्यांत काम व्हायला हवं, त्यानं चांगल्या मुद्द्याच्या मागे लागू नये, असं माझं मत पडलं. शस्त्रक्रियेची तारीख लांब असती किंवा शस्त्रक्रिया करायचीच नसती, तर सल्ला वेगळा दिला असता.

तिसरा प्रश्न राजपत्राचा. प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला पहिलं नाव बदलण्याचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे, मग राजपत्रात जाहिरात कशाला? शिवाय राजपत्र सार्वजनिक असतं. जुनं आणि नवं नाव एकाखाली एक छापलेलं पान कायमचं कुठेतरी राहतं. केदारचा याला विरोध होता आणि तो रास्त होता. पण त्याच्या प्रमाणपत्रावर फक्त नवं नाव येणार होतं. जुन्या नावानं दहा वर्षं चाललेलं बँक खातं 'हाच तो माणूस' हे कशावरून मानणार? दोन्ही नावं ज्यावर एकत्र आहेत असा एक तरी सरकारी कागद लागतोच. शेवटी त्यानं राजपत्र स्वीकारलं.

राजपत्राचा अर्ज भरताना आणखी एक गोष्ट पुढे आली. वडिलांच्या जागी मधलं नाव आईचं लावायची त्याची फार इच्छा होती. कायद्यातला हक्क 'पहिल्या नावा'पुरता, आणि सातबाऱ्यावरचं नातं वडिलांच्या नावातून आलेलं. मधलं नावही बदललं असतं तर वारसपणाचा धागाच तुटला असता. त्यानं एक रात्र विचार केला आणि वडिलांचं नाव ठेवलं.

केलं काय

सगळ्यात आधी मोबाईल नंबर. आधारला जोडलेला नंबर गावच्या सिमचा होता आणि ते सिम दादाच्या फोनमध्ये. म्हणजे प्रत्येक ओटीपी दादाकडे. हे कोणाच्याच लक्षात येत नाही. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलल्यावरच पुढची कामं हातात घेतली.

मग पॅन-आधार जोडणी, जुन्याच नावानं आणि जुन्याच लिंगनोंदीनं, १,००० रुपये विलंब शुल्क भरून. केदारला हे विचित्र वाटलं: जे नाव पुसायचं तेच आणखी घट्ट का करायचं? कारण त्या क्षणी दोन्हीकडची माहिती तंतोतंत जुळत होती, आणि एकदा जोडणी झाली की ती पुढच्या दुरुस्त्यांनी तुटत नाही. मुदत पुढे ३० जून २०२३ पर्यंत वाढली, पण तेव्हा ते कोणाला माहीत होतं? ज्यांनी आधी आधार बदललं त्यांची पॅनकडे अडवणूक झाली. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं तिथे सांगितलं की, या कायद्याखालचं प्रमाणपत्र पॅनसाठी पुरावा म्हणून चालेल.

डिसेंबरात पोर्टलवर अर्ज टाकला. ३० दिवस उलटून गेले. मग जिल्हा कार्यालयातून फोन आला: "डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा." वाद न घालता आम्ही नियम ४ ची छापील प्रत, 'वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीशिवाय' हे शब्द अधोरेखित करून, लेखी उत्तरासोबत आवक-जावकला दिली आणि पोच घेतली. फोनवर झालेल्या मागणीला लेखी उत्तर द्यायचं, ही आमची जुनी सवय. पोच हातात पडल्यावर फाईल हलली आणि फेब्रुवारीत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दोन्ही डाउनलोड झालं.

राजपत्राच्या अर्जात आडनावानं घात केला. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'व्ही', आधारवर 'डब्ल्यू'. अशा वेळी जुन्या नावाच्या रकान्यात दोन्ही रूपं 'ऊर्फ' लावून घालावीत. तसंच केलं. पुढे विद्यापीठानं नेमकी हीच शंका काढली, तेव्हा राजपत्राचं पान पुढे केलं आणि विषय मिटला.

शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. रुग्णालयानं दिलेल्या पहिल्या पत्रावर शल्यचिकित्सकाची सही होती. कायद्याला अधीक्षकांची किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांची लागते, आणि त्या रुग्णालयात 'मेडिकल डायरेक्टर' असं पद होतं. त्यांच्याकडून नव्यानं पत्र घेतलं, त्यात 'या संस्थेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी या नात्याने' एवढे शब्द घालून घेतले. एवढ्या शब्दांनी एक परत आलेला अर्ज वाचला असावा. 'पुरुष' नोंदीचं सुधारित प्रमाणपत्र जूनमध्ये आलं.

त्यानंतर आधार: नाव, लिंग आणि फोटो, तिन्ही एकाच फेरीत. केंद्रावरच्या मुलीनं स्क्रीन केदारकडे वळवली आणि म्हणाली, "सर, स्पेलिंग नीट बघून घ्या, लिंग परत बदलता येणार नाही." त्यानं तीनदा वाचून घेतलं.

पुढचं सोपं होतं. पॅनचा दुरुस्ती अर्ज, मतदार यादीसाठी नमुना ८, बँकेत नवी सही. भविष्य निर्वाह निधीला थोडा वेळ लागला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधी कार्यालयानं संयुक्त घोषणापत्राची नवी पद्धत आणली, त्यात नाव आणि लिंग दोन्ही दुरुस्त करता येत होतं, आणि कंपनीच्या एचआरनं ती एका अर्जात उरकली. विद्यापीठ आधी म्हणालं, दहावीचं बदलून आणा. नियमांच्या यादीत पदवी स्वतंत्र लिहिली आहे हे नोटिशीत दाखवल्यावर नवं पदवी प्रमाणपत्र मिळालं.

जन्मदाखला: जो आम्ही सोडून दिला

केदारचा जन्म मामाच्या गावी झालेला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा! त्या काळच्या कितीतरी नोंदी अशाच आहेत. आम्हाला वाटलं, बरं झालं, थेट नवं नाव घालू. ग्रामसेवकांनी नाव घालण्यासाठी शाळेचा दाखला मागितला. म्हणजे त्या रजिस्टरात कधीच नसलेलं जुनं नाव आधी घालायचं आणि मग ते बदलायचं. हा उद्योग आम्ही सोडून दिला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याचं महत्त्व वाढलं आहे, पण ते त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी. २९ वर्षांच्या माणसाला तो कोणी विचारलेला नव्हता.

शेत

हक्कसोडपत्राचा प्रश्न कागदाचा कमी आणि घरचा जास्त होता. जुन्या नावानं सही करायची तर आधार बदलण्यापूर्वीच करावी लागणार होती, आणि दादा त्याच घाईचा फायदा घेत होता. लिंग बदललं म्हणून वाटा कमी-जास्त होत नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात मुलगा-मुलगी समान आहेत. आम्ही केदारला एवढंच सांगितलं की, जमीन सोडायची की नाही हे नावाच्या मुदतीवरून ठरवू नकोस. त्यानं सही केली नाही.

सातबाऱ्यावर नाव बदलणं अवघड नव्हतं: राजपत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. पण फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीसाठी १५ दिवस राहते आणि 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते. जुनं नाव खोडून नवं नाव असं सगळ्या गावानं वाचायचं. आई म्हणाली, "मला काय, मी दोन दिवसात ऐकून घेईन. तुला झेपेल का, ते बघ." केदारनं ते काम बाजूला ठेवलं.

ते पुन्हा वर आलं दादामुळेच. २०२४ मध्ये त्याला शेतावर कर्ज काढायचं होतं. खातं सामाईक, म्हणून बँकेनं तिन्ही खातेदारांच्या सह्या आणि आधार मागितलं. केदारचं आधार नव्या नावाचं, सातबारा जुन्या नावाचा. दीड वर्षापूर्वी 'मग काय नाव लावायचं ते लाव' म्हणणारा दादा स्वतः राजपत्राच्या झेरॉक्स घेऊन तलाठ्याकडे गेला. नोटीस लागली, पंधरा दिवस झाले, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. गावात चर्चा झालीच. हक्कसोडपत्राचा विषय मात्र त्यानंतर घरात कोणी काढलेला नाही.

काय झालं, काय राहिलं

आधार, पॅन, बँक, निधी, मतदार यादी, पदवी आणि सातबारा: सगळीकडे आता एकच नाव आहे. दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला राहिले आहेत.

शाळेत आम्ही गेलो होतो. मुख्याध्यापिकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. केदारच्या नावाची ओळ निळ्या शाईत होती, त्याच पानावर दुसऱ्या एका मुलाच्या जन्मतारखेत लाल शाईची दुरुस्ती आणि बाजूला आदेशाचा क्रमांक. "बाळा, मला सगळं पटतंय," त्या म्हणाल्या, "पण शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय मी एक कानासुद्धा बदलू शकत नाही." माध्यमिक शाळा संहितेनुसार विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर नोंदीत फेरबदल करायला फार थोडा वाव आहे, आणि लेखनिकाच्या चुका दुरुस्त करण्यासाठी केलेल्या तरतुदीत हे प्रकरण बसवताना शिक्षण खातं बिचकतं. २०२० च्या नियमांतल्या यादीत दहावीचं प्रमाणपत्र आहे, तो केंद्राचा नियम आहे, हे आम्ही लेखी कळवलं आहे. उच्च न्यायालयात रिट दाखल करण्याचा पर्याय तोलला. खर्च आणि वेळ पाहता केदारनं तूर्त नको म्हटलं, कारण नोकरीच्या ठिकाणी राजपत्र दाखवून काम भागतं.

वेगळं काय करता आलं असतं

शाळेचा अर्ज आम्ही आधारनंतर केला, म्हणजे रांगेत शेवटी. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम तेच असल्यानं तो प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात टाकता आला असता. त्याला आधारची गरज नव्हती, प्रमाणपत्र आणि राजपत्र पुरेसं होतं.

मधल्या काही महिन्यांसाठी, म्हणजे प्रमाणपत्र मिळाल्यापासून आधार बदलेपर्यंत, बँकेला आणि कंपनीला एक साधं पत्र देता आलं असतं: प्रक्रिया चालू आहे, ही प्रमाणपत्राची प्रत. कंपनीनं ईमेलवरचं नाव तर पहिल्याच दिवशी कागद न मागता बदललं होतं. बँकेत मात्र केदारला दोनदा शाखा व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये बसून सगळी कथा सांगावी लागली, ती कदाचित टळली असती.

आधार थांबवण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन, पण ज्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली आहे त्याच्यासाठीच. त्यानंतर आलेल्या एका व्यक्तीला शस्त्रक्रिया करायची नव्हती. तिनं पहिल्या प्रमाणपत्रावरच आधार बदललं आणि ते तिच्यासाठी बरोबर होतं.

दहावीचा अर्ज आता शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुसऱ्यांदा गेला आहे. या वेळी सोबत प्रमाणित सातबारा आणि नवी पदवी जोडली आहे, कारण पहिल्या उत्तरात मंडळानं 'अन्य अभिलेखांत बदल झाल्याचा पुरावा' मागितला होता. उत्तर यायचं आहे.